हरित वसईची हरकत

पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, अशा चतुःसीमेत वसलेल्या वसई तालुक्याच्या किनारपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले पिकत आली. आणि याच भूमीवर इमारती उभ्या राहाव्यात की नाही, हा वाद पस्तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. गावालगतच्या शेतांत नवी वसाहत होऊ नये म्हणून ग्रामस्थ हरकत घेतात, तेव्हा ज्यांना राहावयास घर आहे तेच इतरांच्या घराआड येतात, असा आक्षेप हमखास ऐकू येतो. मुंबईत एका खोलीत संसार रेटणाऱ्या असंख्य कुटुंबांना याच तालुक्यातील नालासोपारा-विरारने हक्काचे छप्पर दिले, ही गोष्ट मोलाची आहे आणि तिचा विसर पडता कामा नये. परंतु वसईकरांची कैफियत नीट ऐकून घेतल्यावाचून त्यांना स्वार्थी ठरवणे अन्यायाचे होईल. आणि ती कैफियत मुख्यतः पाण्याची आहे.

किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी वजनाने हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहते, आणि जितके मुरते त्याहून अधिक उपसले तर खारे पाणी वर चढून विहीर मचूळ होते. हे ओळखूनच पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली. बावखल म्हणजे विस्तीर्ण, उथळ खड्डा. त्यातून निघालेली माती वाडीची जमीन उंच करण्यास कामी येई, त्यात पावसाळाभर साठलेले पाणी भोवतालच्या विहिरींना झिरपत राही, आणि विहिरीवरचा रहाट जनावराच्या चालीने फिरत असल्यामुळे उपसाही आपोआप मर्यादेत राही. पुढे रहाट जाऊन पंप आले, पंपांमागून टँकर आले, कित्येक बावखले भराव टाकून बुजवली गेली, आणि जेथे पूर्वी ओंजळीने पाणी प्यावे अशा विहिरी होत्या तेथे पाणी तोंडात धरवेना. तीच गत पावसाच्या पाण्याची. डोंगरावरून उतरणारे पाणी सखल शेते, खाजणे आणि मिठागरे यांत पसरत खाडीला मिळे. त्या सखल भूमीवर भराव पडला म्हणजे पाण्याने जावे कोठे? जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले आणि थांबून राहिलेल्या गाडीतील प्रवाशांना आपत्ती निवारण दलाला बाहेर काढावे लागले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी पाहिले. त्या पावसाचा जोर मोठा होता हे खरे. परंतु पाण्याची जागा माणसाने घेतली होती, हेही तितकेच खरे.

गेल्या शतकातील नवव्या दशकाच्या अखेरीस शासनाने वसईच्या हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामास खुले करण्याचे ठरवले, त्यावेळी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि भिन्न धर्मांचे, भिन्न बोली बोलणारे वसईकर एका मागणीसाठी रस्त्यावर आले. 1990 साली सिडकोकडे येथील नियोजनाचे अधिकार आले, 2009 साली महानगरपालिका झाली, आणि आमची गावे तिच्यातून वगळा ही मागणी पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात रेंगाळत राहिली. या लढ्यातली एक बाब सहसा नजरेआड होते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: हरकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्याच जमिनीचे खातेदार होते. पट्टा खुला झाला असता तर त्यांच्याच गुंठ्यांचा भाव वाढणार होता. स्वतःच्या लाभाची वाट अडवून उभ्या राहिलेल्या माणसांस स्वार्थी कसे म्हणावे? अर्थात सर्वांचेच मत तसे नव्हते. पहाटेपूर्वी उठून कळ्या खुडाव्यात, त्या टोपल्यांत भरून लोकलने दादरचा फुलबाजार गाठावा आणि हाती जेमतेम खर्च भागेल एवढा पैसा यावा, या जिण्याला कंटाळलेल्या मुलाने वाडी विकली, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. शेती राखावी असे म्हणणाऱ्या समाजाने शेतकऱ्याच्या पदरात काय टाकले, याचाही हिशोब द्यावा लागेल.

घरे हवीत, ती कोठे व्हावीत हे मात्र पाण्याची वाट ओळखून ठरले पाहिजे, आणि ते ठरवताना ज्यांना ती वाट ठाऊक आहे त्यांना विचारले पाहिजे. कायद्यात त्याची तरतूद आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 26 अन्वये विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून विहित मुदतीत लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. योजना एकदा मंजूर होऊन शेत निवासी विभागात गेले, की पुढे बांधकाम अडवणे अतिशय कठीण होते. व्यवहारात घडते असे, की सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून येते, नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागतो, आणि मुदत टळल्यावर पहिला डंपर गावात शिरतो तेव्हा कोठे लोक जागे होतात.

म्हणून ज्या वाचकांच्या गावाचा वा शहराचा मसुदा प्रसिद्ध होणार असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सातबाऱ्याचा उतारा हाती घेऊन कार्यालयात जा, नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा, आणि त्याच्या शेजारचा ओढा, तळे, चराऊ रान कोणत्या रंगाने रंगवले आहे ते पाहा. खटकेल त्याची हरकत सर्व्हे नंबर आणि कारण लिहून मुदतीच्या आत दाखल करा, तिची पोहोच घ्या, आणि सुनावणीच्या दिवशी जातीने हजर राहा.