दाबाने रंग पालटणारे स्फटिक

गोंदिया जंक्शनातून एक लोहमार्ग पश्चिमेस नागपूरकडे, दुसरा पूर्वेस रायपूरकडे आणि तिसरा बालाघाटावरून उत्तरेस जबलपूरकडे जातो. आणि स्फटिकांच्या दीप्तीचा इतिहास जो कोणी लिहील, त्याला या तिन्ही नगरांचे दाखले द्यावेच लागतील. नागपूर विद्यापीठात मोहरील व ढोबळे यांनी दीप्तिमान पदार्थांच्या अध्ययनाची परंपरा वाढवली, तर रायपूर व जबलपूर येथे बी. पी. चंद्रा यांनी स्फटिक भंगताना उमटणाऱ्या प्रकाशाचा पिच्छा पुरवला आणि 1980 साली अमेरिकेतील झिंक यांच्यासह त्यावर निबंध प्रसिद्ध केला. काळोखात खडीसाखर फोडताना दिसणारी निळसर चमक ती हीच: खडा दुभंगताच समोरासमोरच्या पृष्ठांवर विरुद्ध विद्युत्भार साचतात आणि त्यांच्या विसर्जनाने हवेतील नायट्रोजन उजळतो.

ती चमक क्षणात विझते. अलीकडे रसायनज्ञांनी घडवलेल्या सेंद्रिय स्फटिकांची करामत याहून सूक्ष्म आहे: अतिनील किरणांखाली ते तेवत असतात आणि खलात घोटताच त्यांच्या प्रकाशाचा रंग बदलतो. रेणू तोच राहतो, त्याचा एकही रासायनिक बंध तुटत नाही. पालटतो तो केवळ शेजार.

हाँगकाँगमध्ये टांग यांनी 2001 साली दाखवले, की द्रावणात निस्तेज असणारा सायलोल जातीचा एक रेणू पुंजके होताच तेजाळतो, कारण द्रावणात ऊर्जा उधळीत फिरणारी त्याची वलये तेथे जखडली जातात. हे ध्यानी धरून रचनाकार पंख्याच्या पात्यांप्रमाणे पिळलेले रेणू निवडतो, म्हणजे ते परस्परांवर सपाट बसू नयेत आणि स्फटिक क्षीण आकर्षणांवरच उभा राहावा. घर्षणाने ही मांडणी ढासळते, पुष्कळदा पीळ सैलावतो, आणि प्रकाश निळ्याकडून पिवळ्या-तांबड्याकडे सरकतो. उष्णता वा द्रावकाची वाफ लागताच बहुधा मूळ रंग बहाल होतो. मांडणी फार भक्कम झाली तर ती दाबाला दाद देत नाही, फार ढिली राहिली तर स्फटिकच धरत नाही. या दोहोंमधील जागा हुडकण्यात या विद्येचे खरे कसब आहे, असे मला वाटते.

व्हर्जिनिया विद्यापीठात फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली ॲव्होबेन्झोन या उन्हापासून त्वचा राखणाऱ्या लेपातील द्रव्यास बोरॉन व फ्लोरिनची जोड दिली. तो पदार्थ नुसता चोळला तरी रंग बदलतो आणि कालांतराने आपोआप पूर्ववत होतो. यंत्राच्या अंगावरील ताण दाखवणारा लेप यातून व्हायचा, तर किती दाबास रंग पालटावा हे आधी मुक्रर करता आले पाहिजे. आजचे बहुतेक स्फटिक आपण घोटले गेलो, एवढेच सांगतात.