अटलांटिकखालची तार आणि विल्यम थॉमसन

आरशाच्या तुकड्याने भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ कोणी खेळला नाही? हात जरासा हलला, तरी कवडसा भिंतभर पळतो. याच तत्त्वावर एकेकाळी अटलांटिकपारचे तारसंदेश वाचले गेले. ते उपकरण विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांचे.

थॉमसन १८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. समुद्राखालच्या तारेतून संदेश रेंगाळत का जातो, याचे गणित त्यांनी १८५४-५५ मध्ये मांडले. केबलच्या आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे विद्युतरोधक वेष्टन आणि बाहेर खारे पाणी. म्हणजे केबल हे एक लांबच लांब धारित्रच झाले! ते प्रभारित होण्यात वेळ जातो. लांबी दुप्पट केली, की रोध दुप्पट होतो आणि धारिताही दुप्पट. म्हणून विलंब चौपट. तेव्हा तांबे जाड व शुद्ध हवे, आणि पलीकडच्या टोकाला क्षीण प्रवाहही ओळखणारे उपकरण हवे.

१८५६ च्या अखेरीस थॉमसन अटलांटिक टेलिग्राफ कंपनीचे संचालक झाले. परंतु कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना हा नियम मान्य नव्हता. तार बारीकच राहिली. ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड व न्यूफाउंडलंड जोडले गेले. पण व्हिक्टोरिया राणीचा सुमारे शंभर शब्दांचा संदेश पोचायला सोळा तास लागले. व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. मुळात सदोष असलेली केबल काही आठवड्यांतच निकामी झाली.

थॉमसन यांचा मार्ग वेगळा होता. रेशमी धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेली बारीक चुंबके आणि भोवती तारेचे वेटोळे. क्षीण प्रवाहानेही आरसा वळे आणि दिव्याचा कवडसा मोजपट्टीवर डावीउजवीकडे सरके.

१८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने नवी केबल यशस्वीपणे टाकली. तिच्यात दर मैलाला तांबे जवळजवळ तिप्पट होते. थॉमसन स्वतः जहाजावर होते. संदेश आता मिनिटाला सुमारे आठ शब्द या वेगाने जाऊ लागले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८७० मध्ये याच जहाजाने एडन-मुंबई केबल टाकली.

वर्गात हे सहज पडताळता येईल. आरसा १ अंशाने वळवला, तर परावर्तित किरण २ अंशांनी वळतो. तीन मीटरवरच्या भिंतीवर कवडसा सुमारे दहा सेंटिमीटर सरकतो. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करू द्यावा, मग मोजायला सांगावे.