दरबाराचे चित्र आणि आंबागडचा किल्ला

श्रोतेहो, आपल्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. शाळेची सहल डोंगर चढून वर पोचली, की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गुरुजी, राजा कुठं बसायचा?" आणि गुरुजींची पंचाईत होते. तट आहे, बुरूज आहेत, विहीर आहे. पण संगमरवरी खांब नाहीत, आरसेमहाल नाही. मुलांच्या डोळ्यांपुढे जो राजवाडा असतो तो पाठ्यपुस्तकातल्या मोगली चित्रांतला, नाहीतर सिनेमातला. १९६० साली आलेल्या 'मुघल-ए-आझम'मधला शीशमहाल मुंबईच्या स्टुडिओत उभा केलेला होता, हे मुलांना कोण सांगणार? म्हणून आधी ती चित्रे काय सांगतात ते नीट पाहू. मग आंबागडावर सिंहासन का सापडत नाही, तेही उमगेल.

शहाजहान बादशहाच्या कारकिर्दीचा 'पादशाहनामा' नावाचा इतिहास आहे. त्याची एक सचित्र प्रत आज इंग्लंडात विंडसरच्या राजवाड्यात आहे. तिच्यातली दरबाराची चित्रे पाहिली, की प्रथम सोनेरी रंग आणि जरीचे जामे यांनी डोळे दिपतात. ते जरा बाजूला ठेवा आणि माणसे कुठे उभी आहेत तेवढेच बघा. सर्वांत वर, झरोक्यात, बादशहा. त्याच्या मस्तकामागे तेजोवलय. हे वलय चित्रकारांनी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती चित्रांवरून उचलले, बरं का! जवळ शहाजादे. खाली कठड्याच्या आत मोठे सरदार, कठड्याबाहेर त्यांहून लहान, आणि अगदी खालच्या कडेला कधी हत्ती-घोडे, कधी चोपदार. कोणी हसत नाही, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजत नाही. बहुतेक चेहरे एका बाजूने काढलेले, पण प्रत्येक निराळा. काही सरदारांची तर नावेसुद्धा बारीक अक्षरांत लिहिलेली आहेत. खेड्यात पंगत बसते तेव्हा कोण कुठे बसला यावरून मान कळतो ना, तसाच हा प्रकार. फक्त इथे बसायला कोणालाच मिळत नसे. बादशहासमोर सरदाराने उभेच राहायचे.

इमारतीही याच हिशेबाने बांधलेल्या. आग्र्याचा दिवाण-ए-आम म्हणजे तीन बाजूंनी उघडा, खांबांच्या रांगांचा दालनवजा मंडप. चौथ्या बाजूच्या भिंतीत, पुरुषभर उंचीच्याही वर, बादशहाचा झरोका. दिल्लीचा लाल किल्ला १६३९ ते १६४८ या काळात बांधला. तिथे झरोक्याच्या खाली संगमरवराचे एक आसन आजही दिसते. वजिराने त्यावर चढून अर्ज वर द्यायचा. म्हणजे वजिराचा हातसुद्धा सहज पोचू नये इतकी उंची मुद्दाम राखलेली! आपण खांबांची नक्षी पाहून परततो आणि ही उंची पाहायची राहून जाते.

हे ध्यानात आले, की आग्र्याचा प्रसंग निराळाच दिसू लागतो. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारी गेले. त्यांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले. आणि पाच हजारी मनसब तर बाल संभाजीराजांना आधीच दिलेली होती. महाराज भर दरबारात संतापले, ते मानासाठी, हे आपण मुलांना शिकवतो. परंतु त्या दरबारात मान शब्दांनी सांगायचा नसे. माणूस कुठे उभा केला, याचाच अर्थ त्याची किंमत ठरवली, असा होता. महाराजांनी ती भाषा तत्काळ वाचली.

जनानखान्याच्या चित्रांविषयी मात्र सावध राहावे. चित्रकाराला तिथे सहसा प्रवेश नसे. म्हणून त्या चित्रांतल्या स्त्रिया एकाच साच्याच्या दिसतात. असो.

आता दरबार आपल्या बाजूला कसा आला ते पाहू. औरंगजेब दक्षिणेत उतरला तो १६८१ मध्ये, आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. उत्तरेत पुन्हा गेलाच नाही. त्या पंचवीस वर्षांत बादशहाचा राजवाडा बहुतांशी कापडाचा होता. तंबूंचीही शिस्त होती. बादशहाच्या तंबूंभोवती तांबड्या कनातींचा घेर असे, त्याला गुलालबार म्हणत. एक मुक्काम चालू असतानाच दुसरा सरंजाम पुढे रवाना होई, तो पेशखाना. जागा रोज नवी, पण कोणी कुठे उभे राहायचे ते जुनेच.

या औरंगजेबाच्या काळात देवगडच्या गोंड राजघराण्यातल्या एका राजाने इस्लाम स्वीकारला आणि 'बख्त बुलंद' हे नाव घेतले. नागपूर शहर वसवण्याचे श्रेय त्यालाच देतात. त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास आंबागडचा किल्ला बांधला. आता हिशेब मांडा : वर बादशहा, त्याखाली देवगडचा राजा, त्याखाली राजाचा सुभेदार. सुभेदाराला आरसेमहाल कशाला हवा? त्याला हवा होता मुलखावर नजर ठेवणारा डोंगर, शिबंदीला आसरा आणि वर्षभर पुरेल असे पाणी. आंबागडावर नेमके तेच आहे. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की राजा इथे बसतच नसे. इथे त्याचा माणूस बसे.

पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे आला. दरबारी थाट भोसल्यांनीही राखला. दिवाणखाना, नगारखाना, नजराणा, मुजरा हे शब्द आपल्या बोलीत मुरले, ते अशाच दरबारांतून आणि वाड्यांतून. आंबागडाच्या वाट्याला मात्र तुरुंग आला. कैद्यांना इथल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी पाजीत, अशी हकीकत सांगतात. नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. पुढची सहल नेताना पाठ्यपुस्तकातले दरबाराचे चित्र बरोबर घेऊन जा. दरवाज्याशी मुलांना बसवा आणि विचारा, या चित्रात राजाखान सुभेदार असता तर कुठे उभा असता? मुले कठड्याबाहेर बोट ठेवतील. मग त्यांना विहिरीपाशी न्या आणि विचारा, इथले कैदी या चित्रात कुठे आहेत? आणि हो, विहिरीच्या काठाशी मुलांचे हात धरून ठेवा.