मिस्सा दर रविवारी, मग कम्युनियन वर्षातून एकदाच?

धार्मिक रूढींचा इतिहास हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यात कॅथलिकांची मिस्सा येते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे शेवटी तो प्रसाद देतात, तेच ना?" प्रश्न साधा आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. मिस्सेला जाणं ही एक गोष्ट आणि कम्युनियन घेणं ही दुसरी.

आधी नियम बघा. दर रविवारी मिस्सेला जाणं कॅथलिक माणसाला बंधनकारक आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते, आणि आजारपणासारखं खरं कारण असेल तर सूट मिळते. कम्युनियन मात्र वर्षातून किमान एकदा, ईस्टरच्या काळात घेतलं की नियम पाळला गेला. हा दुसरा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने घालून दिला. आजही तो कायम आहे.

वर्षातून बावन्न रविवार यायचं आणि घ्यायचं एकदाच? मग बाकीच्या वेळी यायचं कशाला?

कारण कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सा हे बलिदान आहे. येशूने क्रुसावर केलेलं बलिदान एकदाच झालं. ते पुन्हा घडत नाही, पण मिस्सेत वेदीवर तेच उपस्थित होतं, असं चर्च मानतं. धर्मगुरू शेवटच्या भोजनातले येशूचे शब्द उच्चारतात, तेव्हा बेखमीर भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. रूप, रंग, चव तीच राहते. येशू रविवारी पुन्हा उठला, म्हणून हा दिवस. त्या बलिदानात सगळ्यांनी मिळून सामील व्हायचं, ही मिस्सेला जाण्यामागची कल्पना.

आता प्रसादाकडे येऊ. प्रसाद म्हणजे देवाला दाखवलेला नैवेद्य, जो आल्यागेल्या सगळ्यांच्या हातावर ठेवला जातो. कम्युनियनमध्ये मिळतो तो स्वतः ख्रिस्तच, अशी श्रद्धा आहे. त्याच्याशी आणि घेणाऱ्या इतरांशी एक होणं, हा घेण्याचा अर्थ. त्यामुळे तयारी लागते. गंभीर पाप केलं असेल तर आधी धर्मगुरूपुढे त्याची कबुली द्यायची, आणि आधी उपवास करायचा.

या तयारीचा धाक इतका वाढला की मध्ययुगात सामान्य माणूस घ्यायलाच कचरू लागला. चौथ्या लॅटरनचा नियम खरं तर "निदान एकदा तरी घ्या" असं बजावणारा होता! बाकीचे रविवार लोक बघून समाधान मानत. तेराव्या शतकापासून धर्मगुरू ती भाकर डोक्यावर उंच धरू लागले, घंटा वाजू लागली, आणि तो क्षण मिस्सेचा कळस ठरला. आपल्या शब्दांत सांगायचं तर, लोक दर्शनाला येत.

हे चित्र पालटलं ते विसाव्या शतकात. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांच्या काळात निघालेल्या आदेशाने वारंवार, अगदी रोजही कम्युनियन घ्यायला उत्तेजन दिलं. त्यामागचा विचार असा: हे पुण्यवंताचं बक्षीस नाही, दुबळ्याचं औषध आहे. १९१० मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आलं. पूर्वी मध्यरात्रीपासून पाणीही न पिता राहावं लागे. १९५३ मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर.

परिणाम काय झाला? आज बहुतेक जण रांगेत उभे राहतात, आणि बाकावर बसून राहणारा नजरेत भरतो. पूर्वी घेणारा उठून दिसायचा, आता न घेणारा दिसतो.

याची झळ कोणाला बसते? घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न केलेल्यांना. पहिलं लग्न चर्चने रद्दबातल ठरवलं नसेल, तर सर्वसाधारण नियमाने त्यांना कम्युनियन घेता येत नाही. मिस्सेला येणं मात्र त्यांनाही बंधनकारकच. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबजीवनावरच्या दस्तऐवजात, एका तळटीपेत, काही बाबतींत अशांना संस्कारांचा आधार मिळू शकतो असं सुचवलं. त्या एका तळटीपेवरून बिशप आणि कार्डिनल यांच्यात जाहीर वाद झाले. बाहेरून बघणाऱ्याला हे अति वाटेल. पण जो दर रविवारी येतो आणि दर रविवारी बसून राहतो, त्याच्यासाठी ती तळटीप म्हणजे आपलं स्थान कुठे, हाच प्रश्न असतो.

तुम्ही वसईत किंवा गोव्यात कॅथलिक लग्नाला गेलात, तर लग्न बहुधा मिस्सेतच लागतं. रांग सुरू झाली की पाहुण्यांनी शांतपणे बसून राहावं. त्यात काही गैर नाही. आणि शेजारचा कोणी बसलेला दिसला, तर "तुम्ही नाही का जात?" असं मात्र विचारू नका. चर्चच्या हिशेबाने त्याचीही मिस्सा पूर्णच झालेली असते.