गव्हाणीतल्या बाळाची गाणी

डिसेंबर लागला की दुकानादुकानांतून ‘जिंगल बेल्स’ सुरू होतं. आता तर तालुक्याच्या गावातल्या केकवाल्याकडेही तेच. गाणं गोड आहे, मुलांच्या तोंडी पटकन बसतं. पण मैत्रिणींनो, त्यात येशूबाळही नाही आणि मरियमही नाही. बर्फावरून घोड्याच्या गाडीतून मजेत फिरायला निघालेल्यांचं ते गाणं आहे. नाताळची म्हणून जी गाणी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायली जातात, त्यांची जातकुळी निराळी. त्यांना गॉस्पेल म्हणतात. गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. ही गाणी इतकी वर्षं का टिकली, याचं उत्तर मला तरी तिथल्या आयांच्या गोष्टीत सापडतं.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. त्याआधी दक्षिणेकडच्या मळ्यांवर राबणाऱ्या कितीतरी गुलामांना सलग सुट्टी मिळायची ती फक्त नाताळात, चार-सहा दिवसांची. पण त्या सुट्टीला लागूनच १ जानेवारी उभी असायची. त्या दिवशी गुलाम वर्षभराच्या भाड्याने दिले जात, काहींची विक्रीही होई. हॅरिएट जेकब्ज ही स्वतः गुलामगिरीतून निसटलेली बाई. १८६१ मध्ये तिने आपली कहाणी पुस्तकरूपाने छापली. आदल्या रात्री लेकरांना जवळ घेऊन बसलेल्या, उद्या यातलं कोण हाताशी राहील या धास्तीने रात्र काढणाऱ्या आईबद्दल तिने लिहिलंय. एका बाईची सातही मुलं एकाच दिवशी गेलेली तिने पाहिली होती. स्वतः हॅरिएट सुमारे सात वर्षं आजीच्या घराच्या छपराखालच्या, धड उभंही राहता येऊ नये अशा अंधाऱ्या पोटमाळ्यावर लपून होती. खाली खेळणाऱ्या आपल्या मुलांसाठी तिने तिथूनच नाताळचे कपडे शिवले. तिच्या मुलांना ती वर आहे हे ठाऊकही नव्हतं.

आता या बायकांनी बायबलातली नाताळची गोष्ट कशी ऐकली असेल? दिवस भरलेली बाई, धर्मशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत निजवलेलं, आणि पुढे राजाचे शिपाई तान्ह्या मुलांच्या जिवावर उठलेले. त्यांना ती कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. साउथ कॅरोलायनाच्या बेटांवरून आलेलं ‘मेरी हॅड अ बेबी’ नावाचं एक जुनं गाणं आहे. बाळाचं नाव काय ठेवलं, त्याला कुठे निजवलं, असे एकेक प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मला तर आपल्या बारशाचा पाळणाच आठवतो.

रचनाही बघा. एकजण ओळ उचलते, बाकीच्या ती झेलतात. ओळ पुन्हापुन्हा येते, एखादाच शब्द बदलतो. बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, त्यामुळे हातात पुस्तक असण्याचा प्रश्नच नव्हता. सगळं पाठ, सगळं टाळीवर. आपल्या भजनी मंडळातही हेच तर होतं. नवी आलेली सूनबाई दुसऱ्या कडव्यापासून बिनधास्त सूर मिसळते. अशा गाण्यात नुसतं ऐकणारी कुणी उरतच नाही.

गुलामगिरी संपल्यावर ही गाणी विसरून जावीत असं वाटणारेही होते. नॅशव्हिल शहरात नव्याने सुटलेल्यांच्या मुलांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली होती. (आज ते विद्यापीठ आहे.) पैशांअभावी ती बंद पडायची वेळ आली, तेव्हा १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी गाण्याचे कार्यक्रम करायला बाहेर पडले. त्यातली एला शेपर्ड पियानो वाजवायची. लहानपणी वडिलांनी तिला पैसे मोजून मालकाकडून सोडवलं, आई मात्र मागेच राहिली. मायलेकींची भेट झाली ती यादवी युद्ध संपल्यावर. आईबापांची ती दुःखातली गाणी चारचौघांत गायला ही मुलं आधी तयार नव्हती. पण गोऱ्यांची ठरावीक गाणी ऐकून जांभया देणारे श्रोते हीच गाणी ऐकून रडू लागले. १८७३ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीनेही ती ऐकली. त्या कमाईतून शाळेची भली मोठी इमारत उभी राहिली, ती आजही आहे.

‘गो टेल इट ऑन द माउंटन’ हे नाताळचं प्रसिद्ध गाणं जपलं तेही फिस्कच्याच जॉन वेस्ली वर्क या प्राध्यापकाने. नाताळच्या पहाटे, उजाडायच्या आत, विद्यार्थी ते गात आवारातल्या इमारतींवरून फिरायचे. काकड्याला उठणाऱ्यांना यातली गोडी वेगळी सांगायला नको.

पुढे शिकागोत थॉमस डॉर्सी यांनी या भक्तिसंगीताला ब्लूजचा ठेका दिला. १९३२ मध्ये बाळंतपणात त्यांची बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून आलेलं त्यांचं ‘प्रेशस लॉर्ड’ जगभर गेलं. ‘देवळात हा कसला ठेका?’ म्हणून नाकं मुरडणारे तिथेही होतेच!

आणि मग महेलिया जॅक्सन. जन्म १९११, न्यू ऑर्लिन्स. लहानपणीच आई गेली, मावशीने वाढवलं. शिकागोत आल्यावर लोकांची धुणीभांडी करून ती चर्चमध्ये गायची. नाव झाल्यावर क्लबात गाण्यासाठी भरपूर पैसे मिळत होते, पण देवाचं सोडून दुसरं गायची नाही हे तिने ठरवलेलं. तिचं ‘स्वीट लिटल जीझस बॉय’ जरूर ऐका. गव्हाणीतल्या बाळाला ‘तू कोण हे आम्हाला कळलं नाही रे’ असं विनवणारं हे गाणं १९३४ मध्ये रॉबर्ट मॅकगिम्सी या गोऱ्या माणसाने लिहिलंय. राबणाऱ्यांच्या तोंडी ही माफी घालणं मला कागदावर खटकतं. ती गाते तेव्हा मात्र खटकत नाही. दुसऱ्याच्या लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा आवाज वाटतो तो.

परकं शुभवर्तमान आपल्या चालीत गाण्याची ही रीत आपल्याकडेही आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मराठी माणसाला अभंग आणि कीर्तन दिलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचं घर ते हेच.

महेलिया १९७१ मध्ये भारतातही गाऊन गेली, पुढच्याच वर्षी वारली. आता मोबाइलवर नुसतं तिचं नाव घेतलं की गाणी समोर येतात. ‘सायलेंट नाइट’पासून सुरुवात करा. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात १८१८ मध्ये पहिल्यांदा गायलेलं ते गाणं ती इतकं संथ म्हणते, की एकेक शब्द जोजवल्यासारखा वाटतो. इंग्रजी कळलं नाही तरी काही अडत नाही. फक्त मागचं आवरून, ओटा पुसून झाल्यावर लावा. कुकरच्या शिट्ट्यांत ते ऐकू यायचं नाही.