बाबांच्या कमरेचं रिव्हॉल्वर

आमच्या घरात एक वस्तू होती, जिच्याबद्दल पाहुण्यांसमोर बोलायचं नाही असा नियम होता. बाबांचं परवान्याचं रिव्हॉल्वर. मी पाचवी-सहावीत असेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं, आणि यातच बाबांची खरी हुशारी होती, हे मला आता कळतं.

बाबा अमळनेरहून सुरतला आले ते 1984 साली. आधी उधन्याला दुसऱ्याच्या कारखान्यात, मग कामरेजकडे स्वतःचे थोडे लूम्स. त्या काळी कारागिरांचा पगार रोखीनं व्हायचा. महिन्यातून दोनदा बाबा बँकेतून पैसे काढून पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकायचे आणि हायवेच्या कडेनं कारखान्यात न्यायचे. एकदा संध्याकाळी दोघांनी त्यांची स्कूटर अडवली. पिशवी वाचली, पण हातावर वार झाला. त्यानंतर त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांची चौकशी झाली, वर्षभर खेटे झाले आणि .32 बोअरचं रिव्हॉल्वर घरी आलं. आपल्याकडे सामान्य नागरिकाला साधारण याच बोअरचं मिळतं. 9 मिमीचं पिस्तूल प्रतिबंधित प्रकारात मोडतं.

दिसलं की संपलं

बाबांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "ज्याचं दिसलं, त्याचं काम संपलं." कमरेला काय आहे हे लोकांना कळलं की तीन गोष्टी होतात. भित्रा माणूस लांब बसतो, हौशी माणूस जवळ येतो आणि चोराला कळतं की आधी काय हिसकावायचं. तिन्हींत आपलंच नुकसान.

म्हणून त्यांची पद्धत ठरलेली. कातडी होल्स्टर कमरेच्या पट्ट्याला घट्ट, वर सैल सफारी. शर्ट कधी आत खोचायचा नाही. वाकायचं झालं तर कमरेतून नाही, गुडघ्यातून. पिशवीत किंवा गाडीच्या कप्प्यात एकटं ठेवायचं नाही, कारण पिशवी विसरते आणि गाडी सर्व्हिसिंगला जाते. ओळखीचा कुणी गळाभेटीला आला तर बाबा आधीच हात पुढे करून हस्तांदोलन उरकायचे. लोक म्हणायचे, "पाटील जरा शिष्ट आहेत." बाबांना ते चालायचं.

पुढे कायद्यानंही जवळपास हेच सांगितलं. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच योग्य आवरणात, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात हवी. ती काढून दाखवणं, मिरवणं याला सक्त मनाई आहे. म्हणजे झाकून ठेवणं ही लपवाछपवी नाही, ती परवानाधारकाची जबाबदारी आहे. लपवायचं ते लोकांच्या नजरेपासून. पोलिसांनी विचारलं तर आधी परवाना पुढे करायचा.

हळदीच्या दिवशी

तरी एकदा चूक झालीच. चुलत बहिणीची हळद होती. बाबा पगार वाटून थेट मांडवात आले. घरी जाऊन ठेवून येऊ म्हणाले होते, पण उशीर झाला होता आणि आत्याचे फोनवर फोन येत होते. आल्या आल्या ते आजीच्या पाया पडायला वाकले. सवयीनं गुडघ्यातून वाकायला हवं होतं. घाईत कमरेतून वाकले. सफारी वर सरकली. मागे उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या भाच्यानं मोठ्यानं विचारलं, "आजोबा, ही खरी आहे का?"

दहा मिनिटांत सगळ्या मांडवाला कळलं. नवऱ्याकडची दोन पोरं आली. "काका, एक फोटो. फक्त हातात धरून." तिसरा म्हणाला, "काका, वरातीत एक बार होऊन जाऊ द्या." बाबांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. ताट तसंच ठेवून ते उठले, रिक्षा करून घरी गेले, कपाटात कुलूप लावलं आणि तासाभरानं परत आले. तोवर पंगत उठली होती. रात्री मला म्हणाले, "चूक माझी होती. जिथे गर्दी, तिथे ती वस्तू न्यायचीच नाही. उशीर झाला तर होऊ द्यायचा."

त्यांचं बरोबर होतं. आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर खास परवानगीशिवाय मेळा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेता येत नाही. आणि त्या तिसऱ्या पोरानं सुचवलेल्या 'बारा'साठी 2019 च्या दुरुस्तीनंतर वेगळं कलम आहे. लग्नात किंवा समारंभात लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नवापूरच्या पलीकडे

आपल्यापैकी बहुतेकांची मुळं खानदेशात. सुरत-भुसावळ गाडीनं गावी जाताना नवापूर स्टेशन लागतं. अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटायची. बाबांना वाटायची नाही. त्यांचा परवाना गुजरातपुरता होता. परवान्यावर जेवढं क्षेत्र लिहिलेलं असतं, तेवढ्यातच शस्त्र नेता येतं. त्यामुळे अमळनेरला जाताना रिव्हॉल्वर घरीच, रिकामं करून, कुलपात. गोळ्या दुसऱ्या कप्प्यात. निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून निरोप यायचा, तेव्हा ते जमा करायचं आणि पावती जपून ठेवायची.

घरी ठेवणंही सोपं नसतं. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेते गोविंदा यांना जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, आणि आत गोळ्या होत्या. बातमी आली तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला आणि कपाट उघडून पुन्हा तपासलं.

आता माझ्या नावावर?

यंदा बाबांना सत्तर पूर्ण झाली. नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. वारसालाही परवाना घ्यावा लागतो, चौकशी होते. एका रविवारी चहा घेताना बाबा म्हणाले, "तुझ्या नावावर करून टाकू. घरात असू दे."

मी आठ दिवस विचार केला. मी सॉफ्टवेअरवाला. माझा दिवस कामरेज चार रस्त्यावरून ऑफिसपर्यंत, मग मुलीची शाळा, मॉल, थिएटर, नवरात्रीत गरबा, गणपतीत मंडळ. यातल्या बहुतेक ठिकाणी ती वस्तू नेता येणार नाही किंवा दारातच मेटल डिटेक्टर वाजेल. म्हणजे वर्षातले जवळपास सगळे दिवस ती घरात राहणार. त्याच घरात माझी सहा वर्षांची मुलगी, जिला प्रत्येक कुलपाची चावी कुठे असते हे माहीत असतं. आणि ज्या भीतीसाठी बाबांनी ती घेतली, ती रोख रकमेची पिशवीच आता नाही. कारागिरांचे पगार कधीचे खात्यात जातात.

मुख्य म्हणजे, बाबांनी तीस वर्षं जी शिस्त पाळली ती मला जमेल का? उशीर झाला तर घरी परत जाणं, ताटावरून उठणं, शिष्ट म्हणवून घेणं? मला खात्री वाटली नाही. जी वस्तू घेताना स्वतःबद्दल खात्री नाही, ती घेऊ नये.

मी नाही म्हणालो. बाबा थोडा वेळ गप्प बसले. "मला वाटलं होतं तू हो म्हणशील," एवढंच बोलले. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं, आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःच कागदपत्रं काढली, रिव्हॉल्वर परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा केलं आणि पावती फाइलला लावली.

मंडळातल्या अनेक घरांत अशी एखादी जुनी वस्तू आजोबांच्या, काकांच्या नावावर असेल. त्यांना एकदा शांतपणे विचारा : परवान्याची मुदत कधीपर्यंत आहे, चावी कुणाकडे असते, पुढे काय करायचं? हे बोलणं लग्नाच्या मांडवात करू नका, घरी करा.

बाबा अजूनही वाकताना गुडघ्यातून वाकतात. परवा माझ्या मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमची कंबर दुखते का?" बाबा म्हणाले, "नाही गं, जुनी सवय आहे."