दारीचे तोरण

चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली की घरोघरी गुढीची सिद्धता सुरू होते. वेळूची काठी धुऊन ठेवली जाते, साखरेच्या गाठी आणल्या जातात, कडुनिंबाचा मोहोर कोठे मिळेल याची विचारपूस होते. तोरणाची आठवण मात्र बहुधा आदल्या रात्री होते, आणि मग बाजारातले प्लॅस्टिकचे तयार तोरण चौकटीला अडकवले जाते. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी अवतरली, त्या आमच्या प्रवराकाठच्या क्षेत्रीही अशी दारे आता पुष्कळ दिसतात. म्हणून यंदा गुढीऐवजी तोरणाविषयीच चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

तोरण हा शब्द संस्कृत. अमरकोशात त्याचा अर्थ बाहेरचे द्वार असा दिला आहे. सांचीच्या स्तूपाभोवतीची सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची दगडी प्रवेशद्वारेही तोरणेच म्हणविली जातात. दारावरच्या पानाफुलांच्या माळेला संस्कृतात वंदनमाला अशी संज्ञा आहे; हिंदीतला बंदनवार तिचाच वंशज. मराठीने मात्र दाराचेच नाव माळेला दिले. येणाऱ्याला वंदन करणारी ती वंदनमाला, एवढा अर्थ वाचकांनी ध्यानी ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता कृती. चौकटीच्या रुंदीहून दोन्ही बाजूंना वीतभर अधिक अशी सुतळी घ्यावी. आंब्याची पाने जून, गर्द हिरवी आणि सारख्या आकाराची निवडावीत. तांबूस कोवळी पालवी दिसते सुंदर, पण दुपारच्या आतच मलूल होते. चैत्रात झाडावर कैऱ्या धरलेल्या असतात. म्हणून डहाळ्या न मोडता फळ नसलेल्या शेंड्यांवरून पाने एकेक खुडावीत. ती धुऊन, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावीत. पहाटे प्रत्येक पान पुसून, त्याचा देठाकडचा भाग सुतळीवरून मागे दुमडावा व दोऱ्याचा एक टाका घालावा. असे केल्याने पान फाटत नाही आणि टोक खाली राहते. दोन पानांमध्ये एकेक झेंडू ओवावा.

आमच्या जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणाचा. जेथे आंबा जवळ नाही तेथे अशोकाची पाने ओवतात. अंगणातला उंच, सरळसोट अशोक हा संस्कृत काव्यातला तांबड्या फुलांचा अशोक नव्हे. ते झाड निराळे. झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा. पण दारी आलेल्या पाहुण्याला तोरणाने कधी कूळ विचारलेले नाही. नगर शहरात १८३१ मध्ये अमेरिकन मिशन आले. तेथील ख्रिस्ती बांधवांचा ईस्टर बहुधा आपल्या पाडव्याच्या मागेपुढेच येतो. अमेरिकेत त्या सणाला डहाळ्या व वसंतातली फुले गुंफून केलेले वर्तुळाकार कडे दारावर लावण्याची रीत आहे. वसंताचे स्वागत दारातच करावे, ही इच्छा मनुष्यमात्राची दिसते.

ताजे तोरण दोन-तीन दिवसांत सुकते, हा त्याचा दोष मानला जातो. आम्हांस तो गुण वाटतो. जे सुकत नाही ते पुन्हा करावे लागत नाही, आणि जे करावे लागत नाही त्याच्याभोवती घर एकत्र बसत नाही.

आमच्या घरी तोरण आत्या ओवीत असे. लहान वयातच वैधव्य आल्याने ती माहेरी राहिली होती. पहाटे माजघरात बसून ती पाने दुमडी आणि आम्ही मुले तिला फुले देत असू. तोरण पुरे झाले की ती ते आमच्या आईच्या हाती देई आणि आपण दाराआड होई. शुभकार्यात पुढे यायचे नाही, ही रीत तिला कोणी शिकविलेली आम्ही पाहिली नाही. तिला ती पाठच होती. वडील निवर्तले, त्याच्या पुढच्या पाडव्याला तोरण ओवून झाले आणि आईही आत्याशेजारी दाराआड जाऊन उभी राहिली. हातात तोरण घेऊन आम्ही उंबऱ्यात उभे. ज्या हातांनी ते केले ते चारही हात आत, अंधारात.

आजवर कीर्तनात सर्वांभूती भगवंत सांगत आलो, त्याची आम्हांस त्या क्षणी लाज वाटली. आम्ही म्हणालो, “आत्या, आज तोरण तू बांध.” ती म्हणाली, “अरे, लोक काय म्हणतील?” आम्ही म्हणालो, “येणाऱ्याला वंदन करणारी ही माळ. वंदनाला विधवेचे हात चालत नाहीत, असे त्या शब्दात कोठे आहे?” ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग पाटावर चढली. आईने दुसरे टोक धरले. दोघींचेही हात कापत होते, त्यामुळे तोरण एका अंगाला कलले. ते सरळ करावयास आम्ही धजलो नाही. त्या वर्षी गुढीपेक्षा अधिक वेळ आम्ही त्या कललेल्या तोरणाकडेच पाहत होतो.

आज त्या दोघी नाहीत. तोरण सुना-नातवंडे मिळून करतात. सुकले की सुतळी सोडवून पाने झाडाच्या मुळाशी घालतात. नदीत टाकीत नाहीत.

वाचकहो, यंदा तोरण घरी करा. आणि आपल्या घरी कोणी दाराआड उभी राहत असेल, तर त्याचे पहिले टोक तिच्या हाती द्या. नूतन संवत्सर सर्वांस सुखाचे जावो.